ठाणे-नवी मुंबईत उघड्यावर काम करताना हवामानापासून कसे जपावे: नवख्यांसाठी मार्गदर्शन

ठाणे आणि नवी मुंबईत बांधकामाच्या साइटवर, रस्त्याच्या किंवा जलवाहिनीच्या कामावर, सर्वेक्षणासाठी किंवा घरपोच सामान पोहोचवण्यासाठी जो माणूस नव्याने रुजू होतो, त्याला काम कसे करायचे हे कोणीतरी शिकवते. हवामानाबाबत मात्र ‘राहून राहून कळेल’ असे सांगून त्याची बोळवण केली जाते. हा लेख त्या राहून गेलेल्या भागाविषयी आहे. येथील हवा वर्षातून चार वेळा तरी आपला स्वभाव बदलते. मार्चपासून दमट उकाडा सुरू होतो, मेच्या उत्तरार्धात वळीव आणि वारा येतो, जून ते सप्टेंबर पाऊस असतो आणि ऑक्टोबरात पुन्हा उकाडा होऊन संध्याकाळी ढग गडगडू लागतात. या चारही काळांत मी एकच चूक पुनःपुन्हा होताना पाहिली आहे, ती म्हणजे काम थांबवायचे की नाही हे आभाळ डोक्यावर आल्यानंतर ठरवणे. त्या वेळी स्लॅबचे काँक्रीट अर्धे पडलेले असते, मिक्सरची गाडी खोळंबलेली असते आणि ठेकेदार घड्याळाकडे पाहत असतो. त्यामुळे निर्णय नेहमी ‘अजून थोडे उरकून घेऊ’ असाच होतो. म्हणून पुढील प्रत्येक टप्प्यात काय आधी ठरवून ठेवायचे, याकडे वाचकाने अधिक लक्ष द्यावे.

पहिला टप्पा: आपण कोणत्या जिल्ह्यात उभे आहोत हे पाहावे

हा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण नवखा माणूस नेमका येथेच चुकतो. हवामान विभागाचे इशारे जिल्हावार निघतात आणि नवी मुंबई म्हणून आपण ज्या सलग वस्तीकडे पाहतो ती दोन जिल्ह्यांत विभागलेली आहे. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, तुर्भे, नेरूळ आणि बेलापूर हे भाग ठाणे जिल्ह्यात येतात, तर खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल, तळोजे औद्योगिक वसाहत आणि उलवे हे रायगड जिल्ह्यात मोडतात. बेलापूरला सकाळचे काम आटोपून दुपारी खारघरला जाणाऱ्याने म्हणूनच दोन्ही जिल्ह्यांचे इशारे पाहिले पाहिजेत, आणि केवळ ‘मुंबई’ या नावाने आलेल्या बातमीवर विसंबू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच काळात कुलाब्याची नोंद ७५ मिलिमीटरच्याही आत राहिली. एकाच शहराच्या दोन टोकांत इतका फरक पडू शकत असेल, तर खाडीपलीकडच्या आकड्यावरून आपल्या साइटचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

इशाऱ्यांचे रंग चार आहेत. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवावे, नारिंगी म्हणजे सज्ज राहावे आणि लाल म्हणजे कृती करावी. पावसासाठी वापरले जाणारे शब्दही मोजून-मापून ठरवलेले आहेत. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे झालेला पाऊस ‘मुसळधार’, ११५.६ पासून पुढे ‘अति मुसळधार’ आणि २०४.५ किंवा त्याहून अधिक झालेला ‘अत्यंत मुसळधार’ समजावा. हे २४ तास सकाळी साडेआठ ते साडेआठ असे मोजले जातात. त्यामुळे सकाळी वर्तमानपत्रात वाचलेला आकडा हा सरून गेलेल्या पावसाचा असतो, आजच्या पावसाचा नसतो.

दुसरा टप्पा: आदल्या संध्याकाळी ठरवावे, सकाळी तपासावे

मोबाइलवर तीन सरकारी ॲप असावीत. हवामान विभागाचे ‘मौसम’, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे विजांची सूचना देणारे ‘दामिनी’ आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ ही ती तीन. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा जिल्हावार इशारा पाहून कामांचा क्रम लावावा. उंचीवरचे, खोल खड्ड्यातले आणि विजेचे काम इशाऱ्याच्या दिवशी ठेवू नये. सकाळी निघताना इशारा बदलला आहे का ते पाहावे आणि दिवसभरात हवामान विभागाचा पुढील तीन तासांचा तात्कालिक अंदाज पाहत राहावे. वळवाच्या आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत आदल्या दिवसाच्या अंदाजापेक्षा हा तीन तासांचा अंदाजच अधिक उपयोगी पडतो, कारण ते ढग दुपारनंतर तयार होतात आणि तासाभरात कोसळून मोकळे होतात.

यानंतरचे काम अधिक महत्त्वाचे आहे आणि ते बहुतेक साइटवर होत नाही. थांबण्याच्या खुणा आणि थांबा म्हणणारा माणूस हे दोन्ही आदल्या दिवशीच ठरवावेत. खूण अशी असावी की तिच्याबद्दल वाद होऊ नये. पहिला गडगडाट कानावर पडला, झाकलेली ताडपत्री दोर ताणून फडफडू लागली, खड्ड्यात पाणी झिरपू लागले, अशा त्या खुणा. ‘पाऊस वाढला तर बघू’ ही खूण नव्हे. थांबा म्हणणारा माणूस शक्यतो मुकादम नसावा, असे माझे मत आहे. तो वाईट असतो म्हणून नव्हे, तर त्याला संध्याकाळी झालेल्या कामाचे माप द्यायचे असते आणि दोन्ही ओझी एकाच खांद्यावर टाकणे न्याय्य नाही. एकट्याने फिरणाऱ्या डिलिव्हरीच्या किंवा सर्वेक्षणाच्या माणसाने आपली खूण स्वतःशी ठरवून घरच्या किंवा कार्यालयातल्या एका व्यक्तीला सांगून ठेवावी.

तिसरा टप्पा: उकाडा

या विषयावर थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे पावसाची जितकी भीती बाळगली जाते तितकी उकाड्याची बाळगली जात नाही. काही वर्षांपूर्वी तळोजाजवळच्या एका साइटवर अकोल्याहून आलेला एक तरुण बिगारी एप्रिलमध्ये रुजू झाला. ‘आमच्याकडे ४४ अंश असतात, हे तुमचे ३६ म्हणजे काहीच नाही,’ असे त्याने पहिल्याच दिवशी हसत सांगितले आणि आम्हालाही ते पटले. तिसऱ्या दिवशी दुपारी तो विटा मोजताना आकडे चुकवू लागला, मग विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देऊ लागला, आणि आम्ही त्याची थट्टा करत असतानाच तो खाली बसला. तो वाचला, पण आमच्या शहाणपणामुळे नव्हे. जवळच पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याच्या चालकाने कोणाला न विचारता नळी त्याच्या अंगावर धरली.

त्या मुलाचे गणित कोठे चुकले, हे नवख्याने समजून घ्यावे. शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे, नुसता घाम आल्यामुळे नव्हे. विदर्भाच्या कोरड्या हवेत घाम झटकन उडून जातो. खाडीकाठच्या दमट हवेत तो अंगावरून निथळत राहतो, पाणी आणि मीठ दोन्ही जातात आणि शरीर मात्र तापलेलेच राहते. याच कारणाने हवामान विभाग मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतो, तर किनारपट्टीवर तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी अधिक असल्यास ३७ अंशही त्यासाठी पुरेसे मानतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला, तेव्हा तापमान ३८ अंशांच्या आसपास होते; उन्हात तासन्‌तास बसलेल्या लोकांपैकी १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. ते लोक विटा वाहत नव्हते, केवळ बसलेले होते.

नव्या माणसाच्या शरीराला या हवेची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून पहिल्या दिवशी त्याला उन्हातल्या पूर्ण कामाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकेच काम द्यावे आणि दररोज तितकीच भर घालत पाचव्या दिवशी पूर्ण कामावर आणावे. उरलेला वेळ त्याने सावलीतली कामे करावीत. लग्नसराईत गावी जाऊन दोन आठवड्यांनी परतलेल्या जुन्या कामगाराची सवयही बरीच मोडलेली असते, त्यामुळे त्यालाही पहिल्या दिवशी निम्म्यावर ठेवावे. जड काम सकाळी अकरा-साडेअकरापर्यंत उरकावे, दुपारी बारा ते तीन या वेळेत उन्हात राहू नये आणि राहिलेले काम चारनंतर घ्यावे.

पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्यावे. दर पंधरा-वीस मिनिटांनी साधारण पाव लिटरचा एक पेला हे प्रमाण बहुतेकांना पुरते. मात्र तासाभरात दीड लिटरपेक्षा अधिक पाणी ढोसू नये, कारण त्याने रक्तातील मीठ धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम फार जात असेल तर क्षारसंजीवनी (ओआरएस) घ्यावी. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ती करता येते. ताक, कोकमाचे सरबत आणि पन्हे हे आपल्याकडचे उपाय उत्तमच आहेत. रक्तदाबाच्या, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र मीठ आणि पाणी यांचे प्रमाण आधी डॉक्टरांना विचारून ठरवावे. लघवीचा रंग गडद पिवळा दिसू लागला की आपण पाण्यात मागे पडलो आहोत, इतकी साधी चाचणी प्रत्येकाला करता येते. सैल, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, हेल्मेटखाली ओला केलेला पातळ रुमाल आणि मानेवर पंचा असा पोशाख असावा.

आता धोक्याची चिन्हे. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, पोटऱ्यांत गोळे येणे ही पहिली पायरी असून अशा माणसाला सावलीत बसवून पाणी द्यावे आणि त्या दिवशी पुन्हा उन्हात पाठवू नये. बोलणे अडखळू लागले, वागणे विचित्र झाले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. घाम येतो आहे म्हणून उष्माघात नसणार, ही समजूत चुकीची आहे. कष्टाचे काम करताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलेही असू शकते. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत एक मिनिटही न दवडता अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, बर्फ मिळाल्यास मानेवर, काखेत आणि जांघेत धरावा. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, तापाची गोळी देऊ नये. कांदा हुंगवण्यास निघालेल्या हितचिंतकांना पाण्याची बादली आणायला पाठवावे.

चौथा टप्पा: वळीव, वारा आणि वीज

पाऊस ७ जूनला सुरू होतो, ही शाळेत पाठ झालेली तारीख आता विसरावी. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून आहे, आणि २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच येऊन ठेपला. ज्या साइटवर पत्रे बांधणे, गटारांची तोंडे मोकळी करणे आणि गमबूट मागवणे ही कामे जूनच्या पहिल्या आठवड्यासाठी राखून ठेवली होती, तेथे त्या वर्षी सगळ्यांची धांदल उडाली. ही तयारी १५ मेपर्यंत संपवावी.

वळवाच्या आधी वारा येतो आणि तो पावसापेक्षा अधिक घातक ठरतो. १३ मे २०२४ रोजी दुपारी मुंबई आणि ठाणे परिसरात धुळीचे वादळ आले, आणि त्यातच घाटकोपरला पेट्रोल पंपावर महाकाय जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा जीव गेला. क्षितिजावर धुळीचा पिवळट पडदा दिसला किंवा गार वाऱ्याचा झोत अचानक अंगावर आला, तर परांचीवरून लगेच उतरावे, सुटे पत्रे आणि प्लायवूड बांधून ठेवावे, क्रेनचे काम थांबवावे आणि दुचाकीस्वाराने फलक, जुने वृक्ष किंवा अर्धवट बांधलेली भिंत यांच्या आडोशाला थांबू नये. आडोसा म्हणून माणूस नेमका याच गोष्टी शोधतो.

विजेचा हिशेब सोपा आहे. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत जितके सेकंद जातील त्यांना तीनने भागले की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते. हे अंतर दहा किलोमीटर, म्हणजे तीस सेकंद, किंवा त्याहून कमी असेल तर पुढची वीज आपल्याजवळ पडू शकते. व्यवहारात मोजत बसण्याची गरज नाही. गडगडाट ऐकू आला की काम थांबवावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत बाहेर येऊ नये. पक्की इमारत किंवा धातूच्या टपाची, काचा बंद केलेली मोटार सुरक्षित असते. पत्र्याची उघडी शेड, झाड, मोबाइलचा मनोरा, परांची आणि उघडी गच्ची या जागा टाळाव्यात. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो, आणि श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देण्याची क्रिया तेथेच सुरू करावी लागते.

पाचवा टप्पा: भर पावसात

खाडीकाठच्या शहरात पावसाच्या अंदाजाबरोबर भरतीची वेळ पाहणे आवश्यक आहे. नवी मुंबईचा बराच भाग खाडीत भराव घालून, भरतीच्या पातळीच्या खाली वसवलेला आहे. त्यासाठी सिडकोने धारण तलाव बांधले. नाल्यांचे पाणी त्यांत साठते, भरती चढली की झडपा बंद होऊन खाडीचे पाणी आत येत नाही आणि ओहोटी लागली की साठलेले पाणी बाहेर जाते. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर हे पाणी ओहोटीपर्यंत अडकून राहते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती दुपारी बारा-एकच्या आसपास, म्हणजे ऐन कामाच्या वेळेत येते, आणि त्यानंतर दररोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. त्या दिवशी सखल भागातले, भुयारी मार्गातले आणि खोदकामातले काम सकाळी लवकर उरकावे. कांदळवनात सर्वेक्षणासाठी उतरणाऱ्यांनी तर भरतीचे वेळापत्रक खिशात ठेवूनच निघावे. चिखलात पाय रुतलेला असताना चढते पाणी फार वेगाने जवळ येते.

दीड मीटरपेक्षा खोल चरात आधाराच्या फळ्यांशिवाय कधीही उतरू नये, आणि पावसानंतर तर आधार असला तरी तो तपासल्याशिवाय उतरू नये. खणलेली माती काठावरच रचण्याची सवय सर्वत्र दिसते. भिजल्यावर तिचे वजन वाढते आणि ती चराची भिंत घेऊनच आत कोसळते. पारसिकच्या आणि येऊरच्या उताराखाली काम असेल तर टेकडीवरून येणारे पाणी एकाएकी गढूळ झाले का, खांब किंवा झाडे कलली का, जमिनीला नवी भेग पडली का, हे पाहत राहावे. यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास सामान तेथेच टाकून बाजूला व्हावे आणि ११२ वर कळवावे.

साचलेल्या पाण्यातून जाताना पथदिव्याचे खांब, डीपी (विजेच्या वितरणाची पेटी) आणि लोखंडी कठडे यांना स्पर्श करू नये. तुटलेली तार दिसल्यास ती बंद आहे असे गृहीत न धरता दूर राहावे आणि महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे. साइटवरील प्रत्येक तात्पुरत्या जोडणीला ३० मिलिअँपिअरला तुटणारा ईएलसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला असावा आणि त्याचे चाचणीचे बटण दाबून रोज सकाळी खात्री करून घ्यावी. झाकण नसलेल्या मॅनहोलची शक्यता गृहीत धरून काठीने चाचपत चालावे. दुचाकीस्वारांसाठी एवढेच की पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल वर येते, त्यामुळे घोडबंदर किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावर त्या अर्ध्या तासात वेग निम्म्यावर आणावा.

पाऊस थांबल्यावर

ऊन पडले म्हणून लगेच कामावर चढू नये. परांचीच्या पायांखालची माती खचली आहे का, क्लॅम्प सैल झाले आहेत का, फळ्यांवर शेवाळ किंवा चिखल आहे का, हे एका जबाबदार माणसाने खालून वर पाहत जावे, आणि त्याने होकार दिल्यावरच इतरांनी चढावे. शिडीवर चढण्यापूर्वी बुटांचे तळवे पुसावेत.

साचलेल्या पाण्यात काम करावे लागले असेल तर घरी जाण्यापूर्वी पाय साबणाने धुवावेत. उंदीर-घुशींच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू कातडीवरच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. पायाला जखम असताना अशा पाण्यात उतरावे लागल्यास ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जाऊन प्रतिबंधक औषध घ्यावे की नाही ते विचारावे. औषध मनाने घेऊ नये. ताप, डोळ्यांत लाली आणि पोटऱ्यांत तीव्र वेदना ही लक्षणे बहुधा पाच ते चौदा दिवसांनी दिसतात, आणि तोपर्यंत तो दिवस आपण विसरलेलो असतो. पावसाळ्यात ताप म्हटले की आधी डेंग्यू आणि मलेरिया आठवतात. म्हणून आपण कोणत्या दिवशी, कोठे आणि किती वेळ पाण्यात उभे होतो, हे वहीत लिहून ठेवावे आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांगावे.